दोनशे टनांपासून बिस्किटांच्या डब्यापर्यंत

दिवाळीच्या पहाटे एखाद्या मैफलीला गेलात तर गवयाच्या मागे दोन तंबोरे दिसतील, ते छेडणारे दोन शिष्य दिसतील, एका हाताला तबलजी आणि दुसऱ्या हाताला पेटीवाले दिसतील. या सर्वांची नावे निवेदक आदराने घेतो. एकाचे नाव मात्र कोणी घेत नाही. तो गवयाच्या मांडीपाशी, शालीच्या घडीआड, औषधाच्या पेटीएवढा मुकाट बसलेला असतो. तो विजेचा तंबोरा. कळ दाबली की सुरू होतो, दमत नाही, चहा मागत नाही, बिदागीही घेत नाही. बंगळूरचे जी. राज नारायण हे इंजिनियर आणि बासरीवादक. त्यांनी १९७९ च्या सुमारास तो बनवला आणि बघता बघता तो गाणे शिकणाऱ्या घराघरांत जाऊन बसला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भोपळ्याचा तंबोरा ठेवायचा कुठे, हा अडचणीचा प्रश्न त्याने सोडवला. आता तर तो फोनमध्येच शिरला आहे.

या पेटीच्या पाठचे चार स्क्रू काढून आत काय आहे ते पाहावे, असे आपल्यापैकी किती जणांना वाटले असेल? मला वाटले, आणि त्या नादात गेली काही वर्षे मी विजेच्या वाद्यांविषयी मिळेल ते वाचत आलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विजेशी माझा अधिकृत संबंध बिल भरण्यापुरता. पण मराठी कादंबरीकाराने यंत्रात बोटे घालावीत यात नवल वाटायचे कारण नाही. 'देव चालले' लिहिणारे दि. बा. मोकाशी रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करीत. तेव्हा या वेडाला आपल्याकडे चांगली परंपरा आहे.

वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. विजेचे संगीत घरोघर पोहोचवण्याचे श्रेय आपण कारखान्यांना देतो. त्यांचा वाटा आहेच. परंतु या इतिहासाच्या प्रत्येक वळणावर कोणीतरी हौशी माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात एक कागद असतो. कागदावर जोडणीची आकृती असते, आणि तो ती दुसऱ्याला देत असतो. जिथे तो कागद फिरला तिथे वाद्य जगले. जिथे तो कपाटात राहिला तिथे वाद्य मालकाबरोबर संपले.

आरंभ फार अवजड आहे. थॅडिअस केहिल या अमेरिकन संशोधकाने १८९७ साली विजेच्या जनित्रांतून सूर काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने जे यंत्र मांडले, त्याचे वजन सुमारे दोनशे टन होते. टेल्हार्मोनियम त्याचे नाव. वरच्या मजल्यावर वादक वाजवायला बसत, खाली तळघरात प्रचंड चाके फिरत, आणि निघालेले सूर टेलिफोनच्या तारांमधून हॉटेलांत आणि उपाहारगृहांत नेले जात. कल्पना किती पुढची होती पाहा! आज आपण तारेवरून गाणे मागवतो, त्याचीच ही पणजी. पण शेजारच्या तारांवर कोणी फोनवर बोलू लागले की मध्येच हे संगीत घुसे, आणि लोक वैतागत. खर्च भागेना. काही वर्षांतच सारा पसारा आवरावा लागला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण आज उरलेले नाही. दोनशे टनांचे वाद्य कोणा हौशी माणसाने घरी करून पाहावे, हे शक्यच नव्हते. ते मेले तेव्हा त्याला वारस नव्हता.

त्यानंतरचे वाद्य मात्र टेबलावर मावणारे निघाले, आणि तेही अपघाताने. रशियातील पेट्रोग्राड शहरात लेव्ह तेर्मेन नावाचा तरुण पदार्थवैज्ञानिक १९२० च्या सुमारास वायूंचे गुणधर्म मोजण्याचे उपकरण तयार करीत होता. त्याच्या ध्यानात आले की, आपण हात जवळ नेला की उपकरणाची शिटी चढते आणि दूर नेला की उतरते. तो मुळात सेलो वाजवणारा. त्याला या शिटीत सूर दिसला. यामागचे तत्त्व आपल्या तंबोऱ्याच्या भाषेत सांगता येते. जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की दोन्हींच्या मधून एक हेलकावा उठतो. तंबोरा लावणारा त्या हेलकाव्यावरूनच तार कसतो. तेर्मेनच्या पेटीत असेच दोन सूर असतात, पण इतके उंच की ते कानाला ऐकूच येत नाहीत. त्या दोहोंच्या फरकाचा जो हेलकावा, तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. वादकाचा हात दांडीजवळ आला की दोघांपैकी एक सूर किंचित ढळतो, फरक बदलतो आणि ऐकू येणारी मींड तयार होते. वाद्याला स्पर्श करायचाच नाही, हवेत हात हलवायचा. १९२२ साली त्याने हे वाद्य खुद्द लेनिनला दाखवले आणि लेनिनने ते स्वतः वाजवूनही पाहिले.

तेर्मेन पुढे अमेरिकेस गेला, १९२८ साली त्याला तिथले पेटंट मिळाले, आणि आरसीए या बड्या कंपनीने १९२९ साली 'थेरेमिन' नावाने ते बाजारात आणले. किंमत १७५ डॉलर. नळ्या आणि कर्णा वेगळे. कोणालाही सहज वाजवता येईल, असा जाहिरातीचा सूर होता. वस्तुतः ते फार कठीण वाद्य. बोट ठेवायला ना पडदा, ना तार, ना पट्टी. हवेत सा शोधायचा. क्लारा रॉकमोर हिच्यासारखी व्हायोलिनवर घडलेली कलावतीच त्यावर खरे गाणे वाजवू शकली. त्यात त्याच वर्षी अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. सुमारे ५०० वाद्ये तयार झाली आणि कंपनीने हात आखडता घेतला. तेर्मेन १९३८ साली मायदेशी परतला आणि लवकरच त्याला पकडण्यात आले. पुढची काही वर्षे त्याने बंदी शास्त्रज्ञ म्हणून काढली. ती कहाणी स्वतंत्र कादंबरीची आहे. तिला इथे हात घालत नाही. तो १९९३ साली, ९७ वर्षांचा होऊन वारला, एवढेच सांगतो.

कंपनीने सोडले, कर्ता हरपला; हे वाद्यही टेल्हार्मोनियमच्याच वाटेने जायचे. ते गेले नाही, कारण रेडिओच्या हौशी मासिकांतून त्याच्या आकृत्या अधूनमधून छापून येत राहिल्या. जुन्या रेडिओतील नळ्या, तार गुंडाळायला पुठ्ठ्याची नळी, एक लाकडी खोके, एवढ्या सामानात ते उभे राही. न्यूयॉर्कमधल्या एका मुलाने अशीच एक छापील आकृती समोर ठेवून वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी आपले थेरेमिन बनवले. त्या मुलाचे नाव रॉबर्ट मोग.

हे आडनाव कोणी 'मूग' असेही वाचतात. पण ते मोग आहे, आणि ते योग्यच आहे, कारण या गृहस्थाने आपले ज्ञान सांगायची वेळ आली तेव्हा मूग गिळले नाहीत. त्याच्या घरचे चित्र आपल्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात शोभावे असे आहे. आईची इच्छा मुलाने पियानो वाजवावा, ती त्याला तासन्‌तास सरावाला बसवी. वडील विजेच्या कंपनीत इंजिनियर. त्यांचे तळघरात हत्यारांचे टेबल. मुलगा आईच्या तावडीतून सुटला की वडिलांच्या टेबलापाशी पळे. दोघांचेही त्याने ऐकले, असे पुढे जगाला दिसले.

१९५४ च्या जानेवारीत 'रेडिओ अँड टेलिव्हिजन न्यूज' या मासिकात त्याचा थेरेमिनवरचा लेख आला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच वर्षी बापलेकांनी मिळून घरच्या घरी थेरेमिन बनवून विकण्याचा छोटा धंदा काढला. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा १९६१ च्या जानेवारीतला, 'इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड' मासिकातला लेख. नळ्यांचा जमाना ओसरून ट्रान्झिस्टर आले होते. मोगने ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, हलक्या, बॅटरीवरच्या थेरेमिनची पुरी आकृती त्या लेखात छापून टाकली: कोणता भाग कुठे जोडायचा, गुंडाळ्या कशा करायच्या, सर्व काही. आता व्यवहारी माणूस म्हणेल, अरे, हा तर स्वतःच्या पोटावर पाय! ज्याला हवे तो बाजारातून सुटे भाग आणून करील, तुझ्याकडे कोण येणार? मौज अशी की, लेखाबरोबर त्याने सर्व भागांचा जुडगा ४९ डॉलर ९५ सेंटला देऊ केला आणि असे सुमारे हजार जुडगे विकले गेले. तो तेव्हा इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटचा विद्यार्थी होता, आणि तीन खोल्यांच्या बिऱ्हाडातून हा कारभार चाले. आकृती फुकट दिल्यानेच लोकांचा विश्वास बसला असावा, असे मला वाटते. आतले सर्व काही दाखवणाऱ्या दुकानदाराकडून माल घ्यायला गिऱ्हाईक कचरत नाही. आपल्याकडे तोंडासमोर ताजा मसाला कांडून देणाऱ्याच्या दुकानापुढे रांग लागते ती काय उगाच?

त्या हजार जुडग्यांपैकी एक जुडगा हर्बर्ट डॉइच नावाच्या संगीत शिक्षकाच्या हाती पडला. (शिक्षक म्हटल्यावर मला साहजिकच आपुलकी वाटते.) त्याने तो घरी जोडला आणि विद्यार्थ्यांचे कान तयार करण्यासाठी तो वापरू लागला. १९६३ च्या नोव्हेंबरात रॉचेस्टर शहरी संगीत शिक्षकांचे संमेलन भरले होते. तिथे मोग आपली थेरेमिन मांडून बसला होता आणि डॉइच त्याच्याकडे जाऊन म्हणाला की, तुमचे वाद्य मी स्वतः जोडले आहे. गप्पा सुरू झाल्या. डॉइचला नव्या प्रकारचे सूर हवे होते. पुढल्या वर्षी, १९६४ च्या उन्हाळ्यात दोघे ट्रुमन्सबर्ग या खेड्यात मोगच्या कामाच्या जागी बसले. सूर उमटावा कसा आणि विरावा कसा, हे ठरवण्यासाठी काहीतरी कळ हवी होती. डॉइच रस्त्यापलीकडच्या दुकानातून दारावरच्या घंटीचे बटण घेऊन आला आणि ते जोडून काम भागवले. जगाला आज सिंथेसायझर म्हणून ठाऊक असलेल्या वाद्याची सुरुवात एका दारघंटीच्या बटणापाशी झाली, हे मला फार आवडते.

मोगची युक्ती काय होती? सूर उंच करायचा तर बटण पिळावे लागते. हात दोनच; एका वेळी किती बटणे पिळणार? त्याने अशी योजना केली की, बटण हाताने पिळण्याऐवजी विजेच्या दाबाने 'पिळले' जावे. मग एका यंत्राचा दाब दुसऱ्या यंत्राला पुरवता येतो, दुसऱ्याचा तिसऱ्याला. घरात सासू सुनेला सांगते, सून मुलाला सांगते, मुलगा दुकानात पळतो, तसे एका खोक्याने दुसऱ्याला काम सांगायचे. खोकी सुटी, जोडायच्या तारा सुट्या. ज्याला जसे हवे तसे जोडावे. १९६५ साली त्याने ही योजना ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध करून टाकली.

त्याने सारेच वाटले, असे म्हणून मी त्याला संत करणार नाही. सूर गाळून घेण्याची जी खास जोडणी त्याने शोधली, तिचे पेटंट त्याला १९६९ साली मिळाले. आणि वाटण्याने त्याचे घर भरले, असेही नाही. वेंडी कार्लोसने १९६८ साली त्याच्या यंत्रांवर बाखची रचना वाजवून काढलेली ध्वनिमुद्रिका जगभर गाजली, तरी १९७१ मध्ये कंपनी कर्जापायी दुसऱ्याच्या हाती गेली. पुढे स्वतःचे आडनाव वाद्यावर घालण्याचा हक्कही त्याच्याकडे उरला नाही. तो त्याला २००२ साली परत मिळाला, आणि २००५ साली तो गेला. पण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. १९७० साली त्याच्या कारखान्यातील बिल हेमसाथ या इंजिनियराने जेवणाच्या सुट्टीत, अडगळीतले सुटे भाग जमवून, हाताने उचलून नेता येईल असे एक लहान यंत्र जोडले. त्यातूनच 'मिनिमोग' निघाले. भिंतभर पसरलेले वाद्य काखोटीला मारता येऊ लागले. इंग्लंडमधील ईएमएस या छोट्या संस्थेने तर १९७१ साली 'सिंथी ए' हे वाद्य चक्क प्रवासी पेटीत बसवले. कड्या उघडल्या की वाद्य, लावल्या की सामान!

या सत्तरीच्या दशकात आकृत्यांची देवघेव ऐन भरात आली. इथाकातच बर्नी हचिन्स यांनी १९७२ पासून 'इलेक्ट्रोनोट्स' नावाचे वार्तापत्र चालवले. घरी वाद्ये जोडणारे त्यात आपले शोध, शंका, दुरुस्त्या वाटून घेत. ओक्लाहोमात जॉन सायमन्टन यांची पाइया ही संस्था टपालाने जुडगे धाडी. कॅलिफोर्नियात सर्ज चेरेपनिन हा अध्यापक, मोठी वाद्ये आपल्या विद्यार्थ्यांना परवडत नाहीत हे पाहून, त्यांनाच हाताशी धरून घरात सर्किटे जोडायला बसला. पापड लाटायला गल्लीतल्या बायका जमतात तसा प्रकार. अॅम्स्टरडॅममध्ये मिशेल वाइसविस्झने 'क्राकडोस' नावाची लाकडी डबी केली. तिच्यावर सहा धातूच्या चकत्या. बोटे टेकवली की वादकाचे शरीरच सर्किटाचा भाग होते आणि डबी कुरकुरते, किंचाळते, हसते. तिला गाणे म्हणायला आमचे आजोबा तयार झाले नसते, पण मुलांना ती फार प्रिय झाली.

त्याआधीच, १९६६-६७ च्या सुमारास, सिनसिनाटीतील रीड गझाला या शाळकरी मुलाच्या टेबलाच्या खणात एक आणखी मजा घडली होती. एक उघडे खेळण्यातले अॅम्प्लिफायर खणातल्या धातूच्या वस्तूला टेकले आणि आपोआप चमत्कारिक आवाज काढू लागले. दुसऱ्या कोणी ते फेकून दिले असते. याने विचार केला, चुकून असे होते तर मुद्दाम केले तर काय होईल? पुढे खेळणी, बोलकी यंत्रे उघडून त्यांच्या जोडण्या वाकड्या करणे हा त्याचा छंदच झाला आणि १९९२ पासून त्याने लेख लिहून ही विद्या सर्वांना खुली केली. पण तिच्यात एक पथ्य आहे, आणि ते वाचकांतील बालगोपाळांना मी बजावून सांगतो: बॅटरीवर चालणारी खेळणीच उघडावीत. भिंतीच्या प्लगला लागणाऱ्या कशाशीही हा खेळ करायचा नाही.

आता आपल्याकडे वळू. विजेचे सूर आपल्याला परके नव्हते; उलट फार लवकर आले. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन याने १९४७ साली क्लॅव्हियोलिन नावाचे छोटे वाद्य काढले: पट्ट्यांचा एक भाग आणि आवाजाची वेगळी पेटी, दोन्ही उचलून नेण्याजोगे. मुंबईत कल्याणजी वीरजी शहा यांनी ते वाजवले आणि १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटात, हेमंतकुमारांच्या संगीतात, त्यातून पुंगी काढली. आजही वरात रंगात आली की बँडवाला ती धून धरतो आणि नवरदेवाचा कोणी मामा रुमालाचे टोक तोंडात धरून जमिनीवर लोळतो. त्याला कोणी सांगावे की, बाबा रे, तू ज्या पुंगीवर डोलतो आहेस ती विजेची आहे! ऐकणारे लाखो झाले. पेटी उघडून पाहणारे किती झाले, हा माझा प्रश्न आहे.

अहमदाबादचे उदाहरण याहून चुटपूट लावणारे आहे. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाच्या मदतीने चक्क मोगचे मोठे यंत्र उभे राहिले. या कामामागे गीता साराभाई होत्या. याच बाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ दिले होते. अहमदाबादेत त्यांनी स्वतः, तसेच आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर रचना केल्या. मोगचे पहिले यंत्र अवघे पाच वर्षांचे असताना आपल्याकडे हे घडत होते. आणि १९७३ पर्यंत ते थांबलेही. फिती संस्थेच्या संग्रहात जाऊन बसल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या २०१७ साली सापडल्या आणि २०२३ साली त्यांतील संगीत ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आले. म्हणजे आपल्याच देशात झालेले संगीत आपल्या कानी पडायला पन्नास वर्षे लागली. त्या चार वर्षांत एखादी आकृती, एखादे टिपण, आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांच्या हाती पडत गेले असते तर? इतिहासात 'तर' विचारू नये म्हणतात. पण कादंबरीकाराची खोड जात नाही.

याच संदर्भात चरणजित सिंग यांची आठवण येते. हिंदी चित्रपटांत साथ करणाऱ्या या वादकाने १९८२ साली तीन जपानी यंत्रे एकमेकांना जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी निघाली आणि विसरली गेली. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार थक्क झाले, कारण तसले संगीत पाश्चात्त्य देशांत काही वर्षांनी जन्माला आले होते. तीही एकट्याचीच वाट राहिली.

सुटी यंत्रे एकमेकांना जोडायची तर त्यांची भाषा एक हवी. १९८३ साली अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने 'मिडी' ही समान भाषा ठरली आणि ती वापरायला कोणाकडूनही पैसे घेण्यात आले नाहीत. दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्ये एका तारेने एकमेकांशी बोलू लागली. १९९० नंतर जर्मनीत डीटर डोप्फरने सुट्या खोक्यांची मापे ठरवून उघडपणे जाहीर केली. आज जगभर शेकडो लहानमोठे कारागीर त्याच मापाची खोकी बनवतात आणि ती एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसतात. फ्रान्सच्या एमिली जिले यांनी तर आपल्या वाद्यांच्या साऱ्या आकृत्या आणि आज्ञावल्या खुल्या ठेवल्या. २०२२ साली त्यांनी आपली संस्था बंद केली, पण त्या खोक्यांच्या प्रती जगभर लोक अजून घरी बसून जोडत आहेत. संस्था मिटली आणि वाद्य उरले.

आपल्याकडे हौशी लोक नव्हतेच, असे मी म्हणत नाही. दिल्लीहून १९६९ पासून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघते. त्यातील आकृत्या कापून वहीत चिकटवणारे कितीतरी जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग शोधत हिंडले आहेत. माझ्या पिढीच्या मुलांनी हमखास केलेली वस्तू म्हणजे गाणारी दारघंटी. तीन पायांची 'यूएम ६६' नावाची चिप, एक सेल आणि एक कर्णा. कळ दाबली की ठरलेली धून सुरू. पण ती धून चिपमध्ये कोंडलेली असते. ना सूर बदलता येतो, ना लय. दोन दिवस गंमत वाटते, मग कंटाळा येतो. शेजारच्याच बरणीत '५५५' नावाची आठ पायांची चिप असे. ती धून म्हणत नाही. तिला दोन रोध आणि एक कंडेन्सर जोडून सूर आपण ठरवायचा. अमेरिकेत फॉरेस्ट मिम्स या लेखकाने १९८० च्या सुमारास, शाळकरी वहीत काढाव्यात तशा हाताने काढलेल्या आकृत्यांचे पुस्तक छापले. त्यात दोन ५५५ जोडून केलेले एक लहानसे वाद्य आहे. दोन बटणे, एक बॅटरी. ती आकृती आजतागायत जगभर उतरवून घेतली जाते.

आमच्या शाळेतल्या मुलांच्या हाती मी तिचेच धाकटे रूप दिले: एक ५५५, एक कर्णा, आणि उजेडाने ज्याचा रोध बदलतो तो एलडीआर नावाचा टिकलीएवढा भाग. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सारे बसवले. उजेड पडला की सूर चढतो, हाताची सावली धरली की उतरतो. गरिबाचे थेरेमिनच म्हणा. विज्ञानाचे गुरुजी डाग द्यायला शिकवतात, मी आकृती फळ्यावर काढतो. एक नियम मात्र माझा आहे: ज्याचा डबा वाजला त्याने ती आकृती स्वतःच्या हाताने काढून दुसऱ्या एकाला द्यायची, आणि काही बदल केला असेल तर तो लाल शाईने दाखवायचा. दोन वर्षांत ती आकृती पलीकडच्या गावातल्या शाळेत गेली आणि तिथून लाल शाईत बरबटून परत आली. कोणी बॅटरीऐवजी जुना मोबाइल चार्जर लावला होता. कोणी कंडेन्सर बदलून आवाज इतका खर्जात नेला होता की डबा घोरल्यासारखा वाटे.

यंदा नववीतल्या एका मुलीने एलडीआर काढूनच टाकला. तिने चित्रकलेच्या कागदावर पेन्सिलीने वीतभर लांब, बोटभर रुंद रेघ गिरवून काळी केली, एक तार रेघेच्या टोकाला चिमट्याने धरली आणि दुसरी तार रेघेवरून फिरवू लागली. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. तार जसजशी टोकाजवळ येईल तसतसा सूर चढतो. "सर, बघा, ही रेघच वाजते," ती म्हणाली. मग शाळेच्या पेटीवर मैत्रिणीला सूर धरायला सांगून तिने रेघेच्या कडेने सा, रे, ग, म अशा खुणा केल्या. घासून घासून शिसे उडते आणि खुणा ढळतात. नि तर अजून एकदाही दोन दिवस जागेवर राहिलेला नाही. लाल शाईची आकृती तिने पलीकडच्या शाळेत धाडून दिली आहे, आणि माझ्याकडे आणखी काळ्या शिशाची पेन्सिल मागितली आहे.